तिकीट कुठलंही काढा, उभं मिक्सरपाशी राहा

कॉन्सर्टच्या मैदानात शिरलो की मी आधी मिक्सर, म्हणजे सगळ्यांचा आवाज कमी-जास्त करून जुळवायचं मशीन, कुठं मांडलाय ते शोधतो. स्टेज काय, कुठूनही दिसतं. मैदानाच्या साधारण मध्यावर, स्टेजच्या नाकासमोर, पाइपांचं एक मचाण उभं असतं. वर ताडपत्री, भोवती कठडा, आत तीन-चार माणसं माना खाली घालून बसलेली. ते दिसलं की त्या कठड्याला टेकून जागा धरायची आणि शो संपेपर्यंत सोडायची नाही. पाणी आणायला, लघवीला एकानं जायचं, दुसऱ्यानं जागा राखायची.

खरं तर एवढंच सांगायचं होतं. पण मुंबईच्या मावसभावापासून ते दुकानातल्या पोरांपर्यंत प्रत्येक जण शोच्या आधी फोन करून विचारतो, "कुठलं तिकीट काढू?" तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो. सतरा वर्षांत पदरचे पैसे मोडून जे ऐकलं त्याचं हे परीक्षण समजा.

आमचा धंदाच साउंडचा. कोल्हापुरात वडिलांनी चार भोंगे, एक अहुजाचा ॲम्प्लिफायर आणि एक सायकल एवढ्यावर दुकान सुरू केलं. आता लग्न, हळद, गणपती, गॅदरिंग, पुढाऱ्यांच्या सभा, सगळं करतो. नवीन बॉक्स आला की तो तपासायला वडील भजनाची कॅसेट लावायचे आणि मी आयर्न मेडनची. त्या बँडचा स्टीव्ह हॅरिस बेस गिटार अशी वाजवतो की बेसच्या स्पीकरचा पुठ्ठा चांगला की वाईट ते एका मिनिटात कळतं. वडील पहिल्यांदा ऐकून म्हणाले होते, "काय रं हे, घोडागाडी पळतीया जणू." त्याच्याइतकं नेमकं वर्णन मी नंतर कुठं वाचलं नाही.

तर पहिला मोठा शो आयर्न मेडनचाच. १ फेब्रुवारी २००८, शुक्रवार, मुंबईत बीकेसीचं मैदान. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी सीएसटीला उतरलो, मावसभावाकडं आंघोळ केली, कुर्ल्यापर्यंत लोकल, पुढं रिक्षा. त्यांच्या जगभरच्या दौऱ्याचा तो पहिलाच शो होता. गायक ब्रूस डिकिन्सन परवाना असलेला वैमानिक. बँड, कामाची माणसं आणि सगळं सामान एकाच बोइंग ७५७ मध्ये भरून तो स्वतः ते विमान उडवत दौऱ्यावर निघालेला. विमानाचं नाव एड फोर्स वन. मी पण आमचा टेम्पो स्वतःच चालवतो, मागं बॉक्स आणि बॉक्सवर झोपलेली पोरं. त्यामुळं लोकांना त्याच्या आवाजाचं कौतुक, मला त्याच्या त्या भाड्याच्या खेपेचं!

तेव्हा अक्कल नव्हती, म्हणून दुपारपासून रांगेत राहून पार पुढचा कठडा गाठला. स्टेजवर इजिप्तचे पुतळे, मागं रंगवलेले पडदे, शेवटाकडं त्यांचा तो एडी नावाचा राक्षस ममीच्या रूपात आला तेव्हा शेजारचा दाढीवाला गडी रडायला लागला. मी पण काही कोरडा नव्हतो. पण आवाजाचं विचाराल तर डिकिन्सन काय म्हणाला त्यातलं निम्मं मला कळलं नाही. गाणी पाठ होती म्हणून भागलं. ड्रमचा नुसता ठोका यायचा, बेस बरगडीत शिरायचा आणि गाणं डोक्यावरून मागं निघून जायचं. अगदी खरंच डोक्यावरून. का ते पुढं सांगतो.

त्याची किंमत रविवारी मोजली. त्या दिवशी इचलकरंजीला लग्नाचं काम होतं. कानात अजून रातकिडे ओरडत होते. मला सगळं बद्द ऐकू येत होतं, म्हणून मी ट्रेबल, म्हणजे वरचा बारीक आवाज, चढवत गेलो, चढवत गेलो. मंगलाष्टकांना भटजींचा आवाज असा काही टोचत होता म्हणे की नवरीचा मामा तांदूळ हातात तसेच घेऊन माझ्याकडं आला. "अहो साउंडवाले, अंतरपाट फाटायचा की!" माझा ऑपरेटर पोरगा इतका वेळ गप्प होता, कारण मालकाला कोण सांगणार? तेव्हा कळलं, मिक्सर बिघडला नव्हता, मी बिघडलो होतो. दोन दिवसांनी कान उघडले. तेव्हापासून खिशात इअरप्लगची डबी असते. साधे फोमचे प्लग मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतात. पण ते वरचा आवाज जास्त खातात, गाणं गोधडीखालून ऐकल्यासारखं वाटतं. संगीतासाठीचे वेगळे सिलिकॉनचे येतात, त्यात मधे बारीक गाळणी असते. ते घ्या. आवाज तोच राहतो, फक्त कमी होतो.

हे फुकटचं शहाणपण नाही. ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास सोसवतो असं धरतात. पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटं. रॉकच्या शोला पुढं उभं राहिलात तर १०० ही सुरुवात असते, आणि शो असतो दोन तासांचा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये अशा जागांसाठी जी मर्यादा सांगितली तीही १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबलच. कोल्हापुरात मिरवणुकीत बेसच्या भिंतीसमोर नाचणाऱ्या पोरांना मी हे सांगायला गेलो की पोरं म्हणतात, "मालक, तुम्हीच भाड्यानं देताय की." यावर माझ्याकडं उत्तर नाही.

आता ते डोक्यावरून जाणं. मोठ्या शोला स्टेजच्या दोन्ही बाजूंना केळीच्या घडासारखे बॉक्स टांगलेले दिसतात, त्याला आमच्यात लाइन ॲरे म्हणतात. त्यांची वाकवण मागच्या माणसापर्यंत आवाज पोचेल अशी केलेली असते. खालचे एक-दोन बॉक्स तेवढे पुढच्यांकडं बघतात. बेस मात्र जमिनीवर, स्टेजच्या पायाशी रचलेले. म्हणजे पुढच्या कठड्यावरच्या माणसाला बेस पोटात आणि गाणं आकाशात. सगळ्यात महाग तिकीट याच जागेचं. तुम्ही तिथं बघायचे पैसे देता. ऐकायचे म्हणाल तर ते मागं मचाणापाशी वसूल होतात, आणि ती जागा बहुतेक वेळा साध्या तिकिटात येते. ऑपरेटर जे स्वतः ऐकतो त्यावरच त्याचा हात फिरतो. गिटार त्याला जास्त वाटली की तो कमी करणार. तुमच्या कोपऱ्यात ती कमी-जास्त असेल तर त्याला काय कळणार? शिवाय डाव्या-उजव्या बेसची मधल्या रेषेत गाठ पडते, तिथं बेस भरून येतो. चार पावलं बाजूला सरका, तोच बेस गायब. करून बघा, गंमत आहे.

पार मागं उभे राहिलात तरी हरकत नाही, फक्त मधले टॉवर चालू असले पाहिजेत. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. स्टेजपासून १०० मीटरवर तो पोचायला वेळ लागतो, साधारण सेकंदाचा तिसरा भाग म्हणा. म्हणून मागच्यांसाठी मैदानात आणखी बॉक्स टांगतात आणि त्यांना तेवढाच उशीर लावून देतात, म्हणजे स्टेजचा आवाज आणि त्यांचा आवाज एकदम कानावर पडतो. पडद्यावर गायकाचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो, तो याच हिशोबानं. पडद्याकडं बघू नका, त्रास होत नाही.

बंगळूर एका परिच्छेदात उरकतो. ३० ऑक्टोबर २०११, पॅलेस ग्राउंड्स, मेटॅलिका. कोल्हापूरकराला बंगळूर काही परकं नाही, त्याच हायवेवर आहे, रात्री ट्रॅव्हल्समध्ये झोपायचं आणि सकाळी उतरायचं. दोन दिवस आधी त्यांचा गुडगावचा शो रद्द झाला होता, त्यामुळं निपाणीपासून हुबळीपर्यंत बसमधल्या आम्हा सहा-सात काळ्या टी-शर्टांच्या पोटात गोळा. झाला बाबा शो. पहिला ठोका पडला तेव्हा मागून कुणीतरी अस्सल आपल्या बोलीत आरोळी ठोकली, "आरं तिच्या मारी!" वळून बघितलं तर सांगलीचा गडी. अजून संपर्कात आहे, परवा त्यानं माझ्याकडनं दोन जुने टॉप स्पीकर विकत नेले.

सगळ्यांत चांगला आवाज कुठं ऐकला, असं विचाराल तर मी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमचं नाव घेतो. आता लोक म्हणणार, डी. वाय. पाटील तुमच्या कोल्हापूरचे, म्हणून. असेल तसं थोडं. पण १५ डिसेंबर २०१९ चा यू-टू बँडचा शो ज्यानं ऐकला तो माझ्याशी भांडणार नाही. भारतातला त्यांचा तो पहिलाच शो आणि त्या दौऱ्याचा शेवटचा. १९८७ चा त्यांचा गाजलेला अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत क्रमानं वाजवायचा, असा त्या दौऱ्याचा बेत होता.

स्टेडियम म्हटलं की माझ्या पोटात आधी खड्डा पडतो. कुठलंही क्रिकेटचं स्टेडियम म्हणजे सिमेंटचं पातेलं. ड्रमचा ठोका समोरच्या स्टँडवर आपटून परत येतो आणि पुढच्या ठोक्यात पाय घालतो. त्यात यू-टूच्या गिटारवाल्याची, एजची, सगळी करामत प्रतिध्वनीवर. एक स्वर छेडायचा आणि मशीन त्याचे ठरल्या तालात तीन-चार करून देणार. पातेल्याचा प्रतिध्वनी आणि त्याचा प्रतिध्वनी एकमेकांत मिसळले की खिचडी. मी मनाची तयारी करूनच गेलो होतो.

आणि सुरुवात त्यांनी केली ती मधल्या छोट्या स्टेजवर. मुख्य स्टेजवर ६१ मीटर रुंद, १४ मीटर उंच एवढा थोरला पडदा, आणि तो बंद! ड्रमर लॅरी मलन चालत गर्दीतल्या त्या छोट्या स्टेजवर आला, बसला आणि वाजवायला लागला. मागोमाग बाकीचे तिघं. पहिली काही गाणी तिथंच, पडद्याची करामत नाही, चार माणसं आणि चार वाद्यं.

बघणाऱ्याला ते साधं वाटलं असेल. माझी बोटं मात्र आपोआप वळली. कारण ते छोटं स्टेज होतं टांगलेल्या बॉक्सांच्या समोर. आमच्या धंद्यातला पहिला धडा असा की माइक कधी स्पीकरसमोर जाऊ द्यायचा नाही, गेला की शिट्टी मारणार. लग्नात नवरदेवाचा मित्र माइक घेऊन बॉक्ससमोर गेला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. इथं गायकाचा माइक, ड्रमचे सगळे माइक, सगळं त्या मोठ्या स्पीकरांच्या तोंडासमोर उघडं. मी गाणं ऐकायचं सोडून शिट्टीची वाट बघत बसलो. आता मारेल, मग मारेल. गायक बोनो फिरतोय, माइक फिरवतोय, वर धरतोय, लोकांकडं नेतोय. एकदा पण नाही. तिसऱ्या गाण्याला मी मचाणाकडं वळून बघितलं. कठड्याच्या आत एक पिकल्या केसांचा माणूस उभा होता, दोन बोटं एका बटणावर. गायक वळला की ते बटण तांदळाच्या दाण्याएवढं खाली, परत आला की वर. घाम नाही, घाई नाही. आईनं झोपलेल्या पोराच्या पाठीवर हात ठेवावा तसा त्याचा हात. मी गाणं ऐकलं ते त्या हाताकडं बघत. शेजारची पोरगी मला म्हणाली, "काका, स्टेज तिकडं आहे!"

त्या रात्री ए. आर. रहमान आणि त्यांच्या मुली स्टेजवर आल्या तेव्हा स्टेडियम पार वेडं झालं. मला ते गाणं ठीकच वाटलं, पण पन्नाशीचे बाप पोरांना खांद्यावर घेऊन उभे होते ते दृश्य चांगलं होतं. आणि शो सुटल्यावर दहा मिनिटं चालत नेरूळच्या एलपीच्या थांब्याला आलं की कोल्हापूर, सांगली, कराडच्या ट्रॅव्हल्सची रांग. कॉन्सर्टच्या तिकिटाइतकाच महत्त्वाचा आहे हा मुद्दा. मुंबईचा शो दहाला सुटतो आणि आमची महालक्ष्मी एक्स्प्रेस सीएसएमटीवरून आठ-साडेआठलाच निघते, म्हणजे मुख्य बँड स्टेजवर असताना. गावाकडच्या माणसाला परतीची सोय बघूनच मैदान निवडावं लागतं. या बाबतीत नेरूळला दहापैकी दहा.

पुणं आम्हाला त्याहून जवळचं. २०१० पासून तिथं एनएच-सेव्हन वीकेंडर नावाचा संगीताचा फेस्टिव्हल भरायला लागला आणि २०१५ च्या डिसेंबरात तिथं मेगाडेथ हा बँड ऐकला. फेस्टिव्हलचं तंत्र वेगळं. एकाच मैदानात चार-पाच स्टेज, तुम्ही फिरत राहायचं, आवडेल तिथं थांबायचं. जत्रेसारखं. एका स्टेजचा आवाज दुसऱ्यात सांडतो, हे कुठल्याही फेस्टिव्हलला व्हायचंच, जत्रेत पाळण्याचा भोंगा आणि तमाशाचा भोंगा भांडतात तसं. मला फेस्टिव्हल आवडतो तो दुपारी तीन-चारला. ऊन असतं, गर्दी नसते, आणि कुठल्यातरी गावचा नवा बँड जीव तोडून वाजवत असतो. समोर पन्नास माणसं. अशा वेळी मिक्सरवाल्याशी बोलता येतं. एकानं तर मला त्याच्या टॅबवर सगळी मांडणी दाखवली, चहा पण पाजला.

आता वाईट अनुभव. कुठला शो, कुठलं मैदान, कुठलं साल, काही सांगत नाही. गेटवर अडीच तास रांग. आत शिरताना पाण्याची बाटली काढून घेतली, आत पाणी मिळतं म्हणाले. मिळतं, पण आधी मनगटाच्या पट्ट्यात पैसे भरा, त्याची एक रांग, मग पाण्याची दुसरी. उरलेले पैसे परत मिळतील म्हणाले होते, ते अजून मिळतायत. मिक्सर आणि स्टेजच्या मधे व्हीआयपी लोकांसाठी उंच माच बांधलेला, त्यावर सोफे. म्हणजे माझी ती हुकमी जागा त्या दिवशी सोफ्यांच्या पाठीमागं गेली. नाइलाजानं मागं सरकलो तर तिथं आवाज लांबच्या गावच्या उरुसासारखा, वाऱ्यावर येतोय, जातोय. वर बघितलं. डाव्या हाताचा मागचा टॉवर चक्क बंद! एखादा फेज गेला असेल, केबल निघाली असेल, पाच मिनिटांचं काम. हजारो माणसं त्या टॉवरखाली उभी राहून पैसे देऊन न ऐकत होती.

मला राहवेना. स्वयंसेवकाचं जाकीट घातलेल्या पोराला गाठलं. "भावा, तो डावीकडचा टॉवर बंद आहे. तुमच्या साउंडवाल्याला वॉकीटॉकीवर कळव."

तो नम्रपणे म्हणाला, "सर, तुमचं तिकीट कुठलं आहे?"

"साधं."

"मग सर, इथं असंच ऐकू येतं."

शो संपेपर्यंत टॉवर मेलेलाच होता. परतताना मी त्याच्या खाली जाऊन बघितलं, माझ्या डोळ्यांदेखत एक हेल्पर उघड्या पडलेल्या केबलचं टोक गुंडाळत होता. माझ्या हळदीच्या कामात असं झालं असतं तर वरपक्षानं मला टेम्पोसकट ठेवून घेतलं असतं.

दहाच्या ठोक्याचं पण सांगितलं पाहिजे, कारण बाहेरच्या देशातले शो बघितलेले लोक इथं येऊन कुरकुरतात की एवढ्यात संपलं? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं, आणि ते दिवस आमच्याकडं गणपती, नवरात्र, शिवजयंतीलाच पुरत नाहीत. इस्पितळ, शाळा, कोर्टाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. मुंबईत धोबीतलावचं रंगभवन हे उघडं थिएटर असंच गेलं. १९८६ पासून तिथं इंडिपेन्डन्स रॉक नावाचा फेस्टिव्हल व्हायचा, मावसभाऊ कॉलेजात असताना जायचा, अजून सांगताना त्याचे डोळे चमकतात. मी रंगभवन ऐकलं नाही, ही माझी हळहळ. पण रात्री साडेनऊला पोलीस हवालदार घड्याळ बघत शेजारी येऊन उभा राहतो तेव्हा काय होतं हे मला कित्येक वर्षांचं माहीत आहे, त्यामुळं दहाला बरोबर बंद करणारा बँड दिसला की मला हसू येतं. केवढे मोठे लोक, पण आमच्यासारखेच.

तर शेवटचा शो, १७ मे २०२५, महालक्ष्मी रेसकोर्स, गन्स एन रोझेस. या वेळी लेक बरोबर. ५ मे ला बारावीचा निकाल लागला, पास झालीस तर नेईन असं कबूल केलं होतं. भर लग्नसराईत शनिवार मोकळा ठेवला, दोन कामं दुसऱ्याला दिली, बायको आठवडाभर बोलली नाही. लेकीला ही गाणी रीलमधून मिळाली, मला कॅसेटमधून. शब्द तिला जास्त येतात.

महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावरून धोबीघाटाच्या दोऱ्यांवर वाळणाऱ्या चादरी बघत चालत गेलो. मे महिन्यातली मुंबई, सदरा पाठीला चिकटलेला. पण या घामट हवेचा एक फायदा सांगू? कोरड्या हवेत वरचे बारीक आवाज लवकर विरतात, दमट हवेत ते लांबपर्यंत टिकतात. झांज, गिटारची किनार, सगळं मागंपर्यंत येतं. फक्त समुद्राकडचा वारा आला की तेच आवाज पतंगासारखे हेलकावे खातात. रेसकोर्सला भिंती नाहीत, त्यामुळं परत येणारा आवाज नाही. कोरं, स्वच्छ ऐकू येतं. मैदान म्हणून आवाजाला याच्याइतकं चांगलं मुंबईत मला दुसरं सापडलेलं नाही. पायाखाली गवत, बसायला पण बरं.

मी सरळ मचाण गाठलं. लेक म्हणाली, "पप्पा, इथं? इथनं तो मुंगीएवढा दिसणार."

"दिसू दे. ऐकायला आलोय ना?"

"मी बघायला आलेय."

तिची एक मैत्रीण भेटली होती, दोघींना आमच्या भागाचा पुढचा कठडा गाठायचा होता. मी इअरप्लगची डबी तिच्या हातात दिली, शो संपल्यावर इथंच मचाणापाशी भेटायचं ठरवलं, आणि मग दोन तास माझं निम्मं लक्ष त्या पुढच्या गर्दीकडं. तरी सांगतो, त्यांच्या गिटारवाल्या स्लॅशची लेस पॉल गिटार आणि मार्शलचा ॲम्प म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. गाणी सुरू व्हायच्या आधी, दोन स्वरांच्या मधे, त्या ॲम्पची बारीक गुणगुण ऐकू येत होती. आम्ही हमिंग म्हणून जे मारायला धावतो, ते त्यानं तसंच ठेवलेलं. डफ मॅककेगनचा बेस जाड नाही, धारदार आहे, बेसमधे असून गिटारीसारखा बोलतो. गायक ॲक्सल रोझ तेव्हा ६३ वर्षांचा. तो खालच्या पट्टीत गायला लागला की मला जास्त भावत होता, हे माझ्या वयामुळं असेल. खिशातल्या चिल्लरीला बेसनं मुंग्या येत होत्या. बाटलीतल्या पाण्यावर प्रत्येक ठोक्याला गोल लहर उठत होती, मी ती बराच वेळ बघत होतो.

शो सुटला. गर्दी ओसरली तरी लेक येईना. मी कठड्याला धरून उभा. मचाणावरची पोरं केबली गुंडाळायला लागली, आमच्यासारखीच, एक वेढा उलटा एक सुलटा. मग ती आली. केस घामानं चिकटलेले, चपलेचा एक अंगठा तुटलेला, घसा पार बसलेला.

"काय ऐकू आलं का?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "काहीच नाही. बाजूची पोरंच गात होती सगळी गाणी." आणि एवढं हसली की मला २००८ चा तो रडणारा दाढीवाला आठवला.

लोकलनं दादर, तिथनं टॅक्सी करून चेंबूरचं मैत्री पार्क, बाराची ट्रॅव्हल्स. पनवेलच्या आत ती झोपली. सकाळी कागलच्या हळदीला मी उभा होतो, कान ठीक, ट्रेबल जागेवर. पुढच्या वेळी ती मैत्रिणींबरोबर एकटी जाणार म्हणते, महागातलं पुढचं तिकीट काढून. इअरप्लगची डबी मात्र तिनं अजून परत दिलेली नाही.